कन्नडच्या घाटातलं ॲव्हरेज

चिकलठाणा, छत्रपती संभाजीनगर
६ जुलै २०२५

दादा,

नमस्कार. फोनवर बोलायचं म्हटलं तर तुझ्या कानातलं यंत्र शिट्टी मारतं, आणि मेसेज करावा तर माझा फोन हिमांशूने त्याच्या लॅपटॉपला जोडून ठेवलाय. पोस्टाचं पत्र मात्र आजकाल कुणी फोडत नाही. तेव्हा बहिणीचं अक्षर सहन कर.

माझी गाडी विकायची चालली आहे. तीच ती उंच, सात सीटची, डिझेलची एसयूव्ही. मी निवृत्त झाल्यावर ती घेतली तेव्हा तू विचारलं होतंस, एकट्या बाईला एवढं धूड कशाला. तेव्हा थातुरमातुर उत्तर दिलं होतं, आता खरं सांगते. तेवीस वर्षं मी कन्नडच्या शाळेत शिकवलं. रोज सकाळी चाळीसगावची एसटी. मी कन्नडला उतरायची आणि बस पुढे घाट उतरायला निघून जायची. तेवीस वर्षं मी त्या बसची पाठ बघितली. म्हटलं, आता पुढे जायचं, आणि आपल्या हाताने जायचं.

आता भांडण काय ते ऐक. कंपनीच्या कागदावर लिटरला सतरा किलोमीटर लिहिलंय. हिमांशू ऑफिसला नेतो तेव्हा चौदा पडतं. माझ्या हातात अकरा. त्यावरून तुझ्या भाच्याने काढलेला निष्कर्ष असा, की सतरा आणि चौदामधला फरक कंपनीचा, चौदा आणि अकरामधला फरक आईचा. म्हणजे आईचा पाय क्लचवरून उठत नाही, आईचं वय झालं, आई एक दिवस कुठल्यातरी वळणावर गाडी घालणार. पोरगा वाईट नाही रे, घाबरतो. पण घाबरलेला मुलगा आणि हट्टी सासरा यांत फार फरक नसतो. दसऱ्यापर्यंत ॲव्हरेज चौदावर आलं तर गाडी राहील, नाहीतर त्याच्या ऑफिसातला अभय ती घेणार आणि मला एक छोटी, बिनक्लचची, बाजारहाटापुरती गाडी मिळणार. अभय दोनदा येऊनही गेला. मुलगी पाहायला आल्यासारखा बॉनेटभोवती फिरतो आणि पोहे खाऊन जातो.

तू आयुष्यभर गाड्यांच्या तपासणीत होतास. असले सतरा-अठराचे आकडे तुझ्याच खोलीतून निघायचे. तेव्हा हिमांशूला एवढी एक ओळ लिही की तो आकडा म्हणजे शुद्ध थाप आहे. मामाचं तो ऐकतो.

आणि ते झालं की इकडे ये. सुलेखावहिनी गेल्यापासून तू पुण्याबाहेर पाय टाकलेला नाहीस. वरची खोली झाडून ठेवली आहे.

तुझी सरू

*

पुणे
१४ जुलै २०२५

सरू,

पत्र मिळालं. टपालखातं अजून चालतं याचा आनंद झाला, तुझ्या मजकुराचा नाही.

आकडा थाप नाही. असली ओळ मी लिहिणार नाही, आणि बहीण म्हणून तू मागायलाही नको होतीस. आम्ही गाडी रुळांवर उभी करायचो. म्हणजे आगगाडीच्या नव्हे, लाटण्यासारखे मोठे रूळ असतात, त्यांवर चाकं फिरतात आणि गाडी जागच्या जागी पळते. समोरच्या पडद्यावर एक रेघ असते, कधी किती वेग ठेवायचा ते ती सांगते. चालवणारा त्या रेघेवरून तसूभर हलत नाही. एसी बंद, खिडक्या बंद, खोलीचं तापमान ठरलेलं. इंजिनातून निघालेला धूर पिशवीत धरून त्यावरून इंधन मोजायचं. यात खोटं कुठे आलं? प्रत्येक गाडी त्याच रेघेवरून जाते, म्हणून एकीची दुसरीशी तुलना करता येते. परीक्षेत सगळ्यांना एकच पेपर, एवढंच.

रस्त्यावर तीन-साडेतीन कमी पडणं रास्त आहे. हिमांशूचे चौदा मला पटतात. सहा कमी पडणं मात्र गाडीचं काम नाही, ते पायाचं काम आहे. रागावू नकोस, उपाय सांगतो. टायरमधली हवा दर आठवड्याला, गाडी थंड असताना तपास. डिझेल दर वेळी एकाच पंपावर भर. नोझल आपोआप बंद झालं की थांबायचं, पुढे थेंब नाही. एसी बंद ठेव. क्लचवर पाय ठेवून विश्रांती घेऊ नकोस, ती जागा पायपुसणं नाही. आणि तू जातेस कुठे कुठे ते लिही. आकड्यामागची परिस्थिती कळल्याशिवाय मी मत देत नाही.

येण्याचं म्हणशील तर गुडघा साथ देत नाही. पत्राने काम होतंय, तर प्रवास कशाला?

मधुसूदन

*

चिकलठाणा
३ ऑगस्ट २०२५

दादा,

तुझं सगळं ऐकलं. परिणाम असा की ॲव्हरेज अकराचं साडेदहा झालं.

पंपावर माझी कीर्ती झाली आहे. नोझल खट्‌कन बंद होतं, तिथला पोरगा म्हणतो, "काकू, राउंड कर दूँ? थोडाच बाकी है." मी म्हणते, थेंब नाही. मागे रिक्षांची रांग, भोंगे वाजतायत, आणि मी सुट्या पैशांसाठी पर्स उलटी करून बसलेली. आता मला बघितलं की तो आपणहून दोन पावलं मागे सरकून हात जोडतो.

एसी बंद ठेवला. जालना रोडवर उन्हात, खिडक्या उघड्या टाकून, ट्रकच्या मागे. घरी आले तेव्हा हिमांशूने विचारलं, आई, तू खाणीत कामाला लागलीस का? हवा तपासली. मागचं डावं चाक दर वेळी जरा बसलेलं असतं, बाकी तिन्ही ठीक. हवा भरणारा म्हणतो पंक्चर नाही. क्लचवर पाय ठेवत नाही, आधीही ठेवत नव्हते, आणि पायपुसण्याचा टोमणा मी लक्षात ठेवला आहे.

कुठे जाते म्हणशील तर भाजी, बँक, सिडकोत मैत्रिणीकडे, आणि कधीतरी कन्नड. घाट उतरते, हवा खाते, परत येते. एकटीच असते. फार तर एखादी पिशवी.

परवा हिमांशूने गाडी झाडली. मधल्या सीटखाली काळे, वाटोळे, मिऱ्यासारखे दाणे सापडले. मी म्हटलं मिरेच आहेत, पिशवी फाटली असेल. तो एक दाणा बोटात धरून बराच वेळ बघत राहिला, मग हात धुवायला गेला.

अभय पुन्हा येऊन गेला. या वेळी त्याने गाडीत बसून सीट मागे-पुढे करून बघितली. माझी सीट, दादा. मला ती पुन्हा लावायला दहा मिनिटं लागली आणि उगाच डोळ्यांत पाणी आलं. दोन महिने राहिलेत दसऱ्याला. ये ना.

सरू

*

पुणे
११ ऑगस्ट २०२५

सरू,

निदान झालं. तुझ्या गाडीत उंदीर आहेत.

मिरे वगैरे काही नाही, त्या उंदराच्या लेंड्या आहेत. उंदीर इंधनाची नळी कुरतडतो, डिझेल थेंबथेंब गळतं आणि ॲव्हरेज पडतं. तपासणीच्या आवारात पावसाळी उभ्या ठेवलेल्या गाड्यांत मी हे प्रत्यक्ष पाहिलंय. बॉनेटखाली डांबराच्या गोळ्या फडक्यात बांधून ठेव. गाडी रात्री जिथे उभी असते तिथे सकाळी जमिनीवर डाग दिसतो का बघ.

मागच्या डाव्या चाकाचंही कारण उघड आहे. तू उजवीकडची वळणं जोरात घेतेस, त्यामुळे भार डावीकडे जातो. वळणं हळू घे.

मी निदानात सहसा चुकत नाही. गोळ्यांनंतरचा आकडा कळव.

मधुसूदन

*

घाटाच्या पायथ्याची वस्ती, कन्नडच्या खाली
२४ ऑगस्ट २०२५

बाईच्या भावाला दगडाबाईचा रामराम.

तुमी मला वळखत नाय. म्या बोलती आन माझी नात सुकेशनी लिवती. ती कन्नडच्या कॉलेजात हाय. तुमच्या भनीची पत्रं पेटीत तीच टाकती, म्हणून तुमचा पत्त्या घावला. फोडलं न्हाई, देवाशपथ. पण बाईनं परवा गाडीत तुमचं पत्र वाचून दाखिवलं. उंदीर म्हणं. आमी लई हसलो.

भाऊ, उंदीर नाय, ती मेंढी हाय.

पैल्या दिशी आमची मेंढी लंगडत हुती. घाटात म्या हात केला. जीपवाले मेंढी बघून पळत्यात. ही बाई थांबली. काच खाली केली आन म्हणती, कुणाला दुखतंय, तुमाला का तिला? तवापासून दर बाजाराला येती. आमी चार-पाच बाया, गोण्या, कोंबड्या, एखादं कोकरू, समदी वझी घेऊन गाडी घाट चढती. बाजार झाला की पुन्ना खाली आणून सोडती, आन मग एकली वर जाती. मग डिझेल लागंल का नाय? एकटी असती म्हणून तुमाला लिवलं असंल तर खोटं लिवलं. तिला वाटतं पोराला कळलं तर पोरगं भडकंल.

आता माझा गुन्हा ऐका. बाई दर बारीला उजवीकडं बसती. डावं अंग रिकामं. आमी घोड्यावर बिऱ्हाड लादून हिंडलेली माणसं. घोड्याच्या एका अंगाला वझं जादा झालं की दुसऱ्या अंगाला धोंडा बांधावा लागतो, न्हाईतर घोडं वळणाला कलतं. एकली बाई घाट चढून जाती, माझ्या जिवाला घोर. म्हणून म्या मोडक्या जात्याचे दोन दगड गोणपाटात गुंडाळून पार मागच्या डाव्या सीटखाली सारून ठिवले. होळीपासनं तिथंच हायत. बाईला ठावं नाय. तिला सांगू नगा, ती काढून टाकील.

ती गाडी इकू देऊ नगा. आमचं काय बी अडत नाय, यष्टी हाय, जीपा हायत, पैलं बी जात हुतो. अडंल तिचं. घाटात गाडी घातली की ती गाणं म्हणती, भाऊ. आवाज काय बरा नाय. पण म्हणती.

दगडाबाई

(मामा, मी सुकेशनी. आजीने सांगितलं तसंच लिहिलं आहे. गाण्याबद्दल आजी खरं बोलते.)

*

पुणे
१ सप्टेंबर २०२५

सरू,

निदान बदललं आहे. गाडीत उंदीर नाहीत, मेंढ्या आहेत.

कसं कळलं म्हणशील, तर तुझ्या पत्रावर शिक्का कन्नडचा. घराशेजारी टपालपेटी असताना साठ किलोमीटरवर जाऊन पत्र टाकणारी बाई "कधीतरी" कन्नडला जात नाही. शिवाय उंदराची लेंडी लांबट असते, गोल नसते. हे मला आधीच सुचायला हवं होतं. उरलेली माहिती कुठून मिळाली ते विचारू नकोस. सात सीट भरून, वर गोण्या घालून, घाट दोनदा चढवून अकरा पडतंय, आणि तू मला भाजी आणि बँक लिहितेस. मी दीड महिना तुझ्या पायाला दोष देत बसलो. आमच्या खोलीत वारा नव्हता, चढ नव्हता आणि कोंबड्या तर नव्हत्याच. माझा सतरा खरा आहे, पण तो त्या खोलीतला आहे. तुझा अकरा तुझ्या घाटातला आहे, आणि ऑफिसच्या सपाट रस्त्यावरच्या चौदाशी त्याची तुलना करणारा माझा भाचा गाढव आहे. हे त्याला वेगळ्या पत्रात, याच शब्दांत कळवलं आहे.

पण नुसत्या शब्दांनी हिमांशू ऐकणार नाही, तो माझ्यावर गेलाय. परीक्षाच घेऊ. आमच्या धंद्यातला पहिला नियम असा, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. गाडी तीच, पंप तोच, नोझल तेच, निघायची वेळ तीच, माणसं आणि ओझं तेच. बदलायचा फक्त चालवणारा. एक दिवस हिमांशू, दुसऱ्या दिवशी तू. पंच म्हणून त्या अभयला घ्या, गाडी त्यालाच हवी आहे ना? चालवणाऱ्याला त्याच्या चालवण्याबद्दल कुणीही एक शब्द बोलायचा नाही. आणि गाडीत सीटखाली वगैरे जे काही पडलेलं असेल ते तसंच राहू द्यायचं, हलवायचं नाही.

तुझं जास्त आलं तर गाडी तुझी, हे हिमांशूकडून लिहून घेतलं आहे. त्याचं जास्त आलं तर मला काही बोलता येणार नाही, सरू. मग मात्र अभय सीट हवी तशी लावून घेईल. मी आकड्याच्या बाजूचा माणूस आहे.

हे वाचून तुला घाम फुटला असेल. मलाही फुटला आहे.

मधुसूदन

*

चिकलठाणा
२२ सप्टेंबर २०२५

दादा,

आधी तुझ्यावर रागावते, मग बातमी सांगते. माझं गुपित असं एका ओळीत हिमांशूसमोर ठेवलंस. तुझं पत्र वाचून तो स्वयंपाकघरात आला आणि विचारलं, "आई, मिरे?" मी म्हटलं, हो, मिरे. तो म्हणाला, मला आधी का नाही सांगितलंस? म्हटलं, सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास जीप आहे, एसटी आहे. आणि तो तेच म्हणणार होता.

शनिवारी हिमांशू बसला. मी शेजारी, अभय मागे पांढरे शुभ्र बूट घालून. बोलायचं नाही हा नियम ज्याने कुणी केला तो माणूस माझ्या शत्रुपक्षातला आहे. दौलताबादच्या वेशीत समोरून ट्रॅक्टर आला, हिमांशूने मागे घ्यायच्या ऐवजी इंजिन गुरगुरत ठेवलं. वेरूळनंतर त्याने एकाच टँकरला तीनदा ओलांडायचा प्रयत्न केला. प्रत्येक वेळी पुढे झेप, मग ब्रेक. मी ओढणीचं टोक दातात धरून बसले होते. ती ओढणी आता टाकूनच द्यावी लागणार.

घाट उतरून वस्तीवर गेलो. दगडाबाई, तिची सून, सुकेशनी, तीन गोण्या आणि एक कोकरू. जागा नव्हती म्हणून कोकरू पंचांच्या मांडीवर दिलं. अभय म्हणाला, हे नियमात आहे का? दगडाबाई म्हणाली, "दर बारीला असतंय. तुमीच म्हणला ना, समदं त्येच पायजे."

चढ सुरू झाला. तिसऱ्या की चौथ्या वळणावर समोरून टेम्पो आला आणि हिमांशूने करकचून ब्रेक मारला. मागच्या सीटखालून गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी घरंगळत आलं आणि अभयच्या बुटाला येऊन टेकलं. तो किंचाळला, कोकरू किंचाळलं. गाडी कडेला घेतली. गोणपाट उलगडलं तर आत जात्याचा दगड. आणि सीटखाली आणखी एक.

हिमांशूने विचारलं, हे काय आहे? सगळ्या बाया खाली बघायला लागल्या. मग दगडाबाई म्हणाली, "त्यो माझा धोंडा हाय. बाई उजवीकडं बसती, डावीकडं कुणीच नसतं. घोडं कलंल म्हणून ठिवला." मग हिमांशूने स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. मला वाटलं चिडला. बघते तर त्याचे खांदे हलत होते. इतका हसला की त्याला खाली उतरून कठड्याला धरून उभं राहावं लागलं. त्याला असं हसताना मी त्याच्या कॉलेजच्या दिवसांनंतर पाहिलं नव्हतं. आम्ही सगळ्या हसलो, दगडाबाईसुद्धा, आणि मग मला रडू आलं. होळीपासून ती माझ्या एकटेपणाला तोलून धरत होती, दादा, आणि मला पत्ता नव्हता. मी तिला तसं म्हटलं तर ती म्हणाली, "एकली कशाची, येडी का काय?"

दगड काढायला निघालो तर अभयने अडवलं. म्हणाला, मामांचा नियम आहे, दोन्ही दिवस ओझं तेच पाहिजे. तुझा हा पंच नियमाचा पक्का निघाला. दगड परत सीटखाली गेले.

रविवारी मी बसले. काय सांगू, सीट तीनदा पुढे-मागे केली. पंपावरच्या पोराने विचारलं, "काकू, आज राउंड?" मी म्हटलं, थेंब नाही. पण दौलताबाद मागे पडलं आणि सीट आपोआप बरोबर वाटायला लागली. तेवीस वर्षं एसटीत ड्रायव्हरच्या मागच्या दांड्याला धरून उभं राहिलं की कुठल्या चढाला कुठला गिअर हे कानांना पाठ होतं. मी त्या टँकरच्या मागेच राहिले. तो वेगळा टँकर होता, पण घाई मला त्याचीही नव्हती. घाट चढताना गाणं म्हणू की नको असा विचार केला. मग सुकेशनी म्हणाली, बाई, तेही नियमात आहे, दर वेळी म्हणता. म्हटलं.

संध्याकाळी पंपावर हिमांशूने हिशोब केला. मग पुन्हा केला. मग फोन अभयच्या हातात दिला. अभयने मोठ्याने वाचलं. हिमांशू साडेनऊ. आई अकरा.

दादा, मी पंपावरच्या पोराला म्हटलं, आज राउंड कर. आयुष्यात पहिल्यांदा. हिमांशू म्हणाला, "आई, तू ब्रेक मारतच नाहीस ग." आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. अभय म्हणाला, काकू, ही गाडी मला झेपायची नाही, रस्त्यात सारखं कुणीतरी हात करणार. त्याचे बूट मी धुऊन दिले, पण लोकरीचा वास जाईल असं वाटत नाही. पुढच्या बाजाराला येऊ का, असं मात्र विचारून गेला.

आता तू सांग. तुला दगड माहीत होते ना? सीटखालचं हलवायचं नाही असं तू लिहिलं होतंस. मी सुकेशनीला विचारलं तर ती आभाळाकडे बघायला लागली.

ते दगड अजून गाडीतच आहेत. कन्नडच्या बाजारात काट्यावर चढवले, साठ किलो भरले. हिमांशूने दगडाबाईला समजावलं की मोटार घोड्यासारखी कलत नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "डावीकडं कायमचं माणूस बसंल तवा काढीन."

दसऱ्याला गाडीची पूजा आहे. वरची खोली झाडलेलीच आहे. यापुढे मी विचारणार नाही, तुला माहीत आहे मी किती वेळा विचारलं ते.

सरू

*

पुणे
२६ सप्टेंबर २०२५

सरू,

दगड माहीत होते. एका बाईला शब्द दिला होता.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा इतका हसलो की वरच्या मजल्यावरचे लोक बघायला आले. गेल्या दोन वर्षांत या घरातून त्यांना कसलाच आवाज आला नव्हता, त्यामुळे काही झालं की काय असं त्यांना वाटलं. त्यांना बसवून सगळी गोष्ट सांगितली, चहा केला. सुलेखा गेल्यानंतर या घरात एकाच वेळी चार कप पहिल्यांदा निघाले. त्यातला एक कान तुटलेला होता, तो मी घेतला.

हिमांशूचे साडेनऊ मी फ्रेम करून लावणार आहे. त्याला सांग, लाज वाटून घेऊ नकोस, त्या वळणावर मी असतो तर आठ आले असते. मी आयुष्यात गाडी नेहमी रुळांवर पळताना पाहिली, ती कुठे पोचलेली कधी पाहिली नाही.

काल कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेलो. बाहेर वजनाचा काटा असतो. चपला काढून उभा राहिलो, एकसष्ट भरलो. म्हणजे दोन दगडांना मी जवळजवळ तंतोतंत पर्याय आहे, फरक दखल घेण्याजोगा नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी रेल्वेने निघतोय. संभाजीनगरच्या अलीकडे, लासूर स्टेशनलाच उतरतो, तिथून पुढे मला तुझ्या हातची गाडी हवी आहे. गुडघा दुखतो, पण तो इथे बसूनही दुखतोच. एसी लाव, खिडक्या उघड, गाणं म्हण, माझी कशालाच हरकत नाही. कानातलं यंत्र शिट्टी मारायला लागलं तर मी ते काढून ठेवीन, आणि गाण्याबद्दल जे काही ऐकलंय ते खरं असेल तर आधीच काढीन.

दगडाबाईंना माझा रामराम सांग आणि त्यांचे दगड उतरवून त्यांना परत दे. डावीकडे मी बसतो. वजन सारखंच असल्यामुळे ॲव्हरेजमध्ये फरक पडणार नाही. परतीचं तिकीट काढलेलं नाही.

तुझा दादा